थोरल्याचं बोट

मध्यंतरी मी शिकवतो त्या शाळेत एका संस्थेचं पत्र आलं. मतिमंद मुलं आणि बाकीची मुलं एकाच संघातून क्रिकेट खेळणार, निम्मी ही, निम्मी ती, आणि उद्घाटनाला मी दोन शब्द बोलावेत, कारण 'सरांच्या घरातही असा अनुभव आहे' असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. पत्र चांगलं होतं. उपक्रमही चांगलाच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्यात एक वाक्य होतं, की अशा मुलांना खेळात सामावून घ्यायला फक्त मोठं मन लागतं. ते वाचून माझं डोकं फिरलं. मोठं मन आमच्या गावात कुणाकडंच नव्हतं, तरी माझ्या भावाला खेळात घेतलं गेलं होतं. आणि ज्याच्या मनात त्याच्यासाठी थोडी तरी जागा असायला हवी होती, त्यानंच त्याला बाहेर काढलं. तो मी. तब्येतीचं कारण कळवून मी मोकळा झालो.

खरं कारण काय होतं ते आता लिहितो.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी थोरला. तिसरीत तीन वर्षं बसल्यावर मास्तरांनी आईला सांगितलं, याला घरीच ठेवा. नगरच्या डॉक्टरांनी कागदावर 'मतिमंद' असं लिहून दिलं. आईनं तो कागद पत्र्याच्या पेटीत तळाशी घातला आणि घरात एक नियम केला: 'येडा' हा शब्द आमच्या उंबऱ्याच्या आत कुणी काढायचा नाही. गमतीनंसुद्धा नाही. एकदा शेजारची बाई बोलता बोलता म्हणून गेली, तर आईनं तिच्याशी वर्षभर बोलणं टाकलं. बाहेर मात्र पोरं त्याला तेच म्हणत, खडे मारत, आणि मी त्या पोरांबरोबर खेळायला जात असे.

त्याला काय येत होतं आणि काय येत नव्हतं, हे सांगायला आप्पांची एक गोष्ट पुरे. आप्पा, म्हणजे आमचे वडील, घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करायचे. तिथं भाव तोंडानं होत नाही. दोघं हात मिळवतात, वरून उपरणं टाकतात आणि खाली बोटं दाबून आकडा सांगतात. शेजारी उभ्या असलेल्यालाही पत्ता लागत नाही. एका शुक्रवारी आप्पा दादाला सोबत घेऊन गेले. गिऱ्हाईक लांबून आलं होतं, बैल त्याच्या मनात भरला होता, उपरण्याखाली बोटं जवळ जवळ जुळली होती. आणि दादा मोठ्यांदा म्हणाला, "आप्पा, ह्यो तर नांगराला जुंपला की खाली बसतो ना?" गिऱ्हाइकानं हात काढून घेतला. आप्पांनी त्याला बाजारात काही केलं नाही, घरी आणून मारलं. मारून झाल्यावर स्वतःच दमून बसले आणि आईला म्हणाले, "खोटं बोलाय बी अक्कल लागती. ती देवानं ह्याला दिलीच न्हाई."

हे नव्वदच्या आसपासचं. आमचं क्रिकेट गावाच्या गायरानावर चालायचं. टेनिसचा चेंडू, बाभळीचे स्टंप, आणि दुसऱ्या टोकाला एक दगड. गावाला लागून पाट जातो. पाटाच्या अलीकडचे आम्ही, जमीनवाल्यांची पोरं. पलीकडं बौद्ध वस्ती, तिथल्या पोरांचा वेगळा संघ. एरवी आमच्यात फारसं जाणं-येणं नव्हतं, पण रविवारी मॅच असायची. दादाचं काम म्हणजे चेंडू काटवणात गेला की आणून देणं. त्याच्या हातापायांवर कायम ओरखडे असत. "पुढची बॅटिंग तुझी," असं आम्ही त्याला दर वेळी सांगायचो आणि तो दर वेळी खरं मानायचा.

अंपायरिंगची रीत सगळ्या खेड्यांत असते तीच होती. जो संघ बॅटिंग करतो, त्याचाच माणूस अंपायर. म्हणजे न्याय कसा होत असेल ते सांगायला नको. पलीकडच्यांचा एक डावखुरा बॉलर होता. माझ्याच वयाचा, उन्हातान्हात पाटाच्या दुरुस्तीवर खडी वाहणारा, आणि चेंडू असा आत आणायचा की आमच्यातल्या भल्याभल्यांची भंबेरी उडायची. आम्ही त्याला विकेटच द्यायचो नाही. कट लागला तरी नाही, हातभर रनआऊट झाला तरी नाही. "दिसलं न्हाई," आमचा अंपायर म्हणायचा. पलीकडचे अंपायर उभे राहिले की तेही तेच करत, नाही असं नाही. पण भांडण झालं की आमच्या बाजूला गाव होतं आणि त्यांच्या बाजूला कुणी नव्हतं, हा फरक होताच.

असाच एका रविवारी वाद पेटला. खेळ मोडायची वेळ आली. स्टंप उडवून काटवणात गेलेला चेंडू घेऊन दादा आला आणि कुणी न विचारता म्हणाला, "आऊट हुता त्यो. बॅट हवेत हुती." आमचाच बॅट्समन होता. आमची पोरं त्याच्या अंगावर धावली. तेव्हा तो डावखुरा मध्ये आला आणि म्हणाला, "आजपास्नं ह्योच अंपायर. दोनी बाजूला ह्योच. ह्याला खोटं बोलता येत न्हाई, हे समद्या गावाला ठावं हाय." सगळे हसले. हसण्यावारी नेता नेता ते ठरूनही गेलं, कारण भांडून दोन्ही संघ कंटाळले होते. मोठ्या मनाचा काही संबंध नव्हता. गरज होती, आणि गरजेच्या जागी दादा नेमका बसला.

त्याला सहापर्यंत मोजता यायचं नाही. मग धावा लिहिणारा मागून ओरडायचा, "ओव्हर!" बाकी सगळं तो डोळ्यांनी करायचा. आम्ही दहा गोष्टी बघतो, आपला संघ, समोरचा कोण, कुणाला राग येईल. तो फक्त चेंडू बघायचा. आऊट असला की त्याचा उजवा हात सरळ वर जायचा आणि बॅट्समन चुन्याच्या रेघेबाहेर जाईपर्यंत खाली यायचा नाही. कुणी शिव्या दिल्या तर तो घाबरायचा, डोळ्यांत पाणी यायचं, पण बोट तसंच. पहिल्याच महिन्यात त्यानं मलाही आऊट दिलं. संध्याकाळी जेवताना मी त्याच्याशी बोलत नव्हतो, तर भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, "आऊट हुतास ना?" होतो. त्याचाच तर राग आला होता.

दोन वर्षं हे चाललं. आई शनिवारी आप्पांचा जुना सदरा नीळ देऊन वाळत घालायची आणि रविवारी सकाळी दादा तो घालून दहालाच तयार असायचा, मॅच दुपारची असली तरी. खडे मारणारी पोरं त्याला 'अंपायर' म्हणायला लागली. स्टँडवरचा चहावाला त्याला पूर्वी ओट्याच्या कडेला बसवायचा, आता बाकावर बसवून विचारायचा, "काय अंपायर, आज कोन जिंकलं?" आणि दादा सांगायचा. विचारलेल्या गोष्टीचं उत्तर आपल्याला येतं, याचा त्याला फार आनंद होता. आई एकदा गायरानाच्या कडेला बाभळीखाली येऊन उभी राहिली होती. त्याचं बोट वर गेलं आणि एक धटिंगण पोरगा मुकाट्यानं बॅट काखेत मारून चालू लागला, ते तिनं बघितलं. घरी येऊन तिनं त्याला जास्तीचं दूध दिलं.

मग शेवगावची स्पर्धा आली. तालुक्यातल्या गावोगावचे संघ येणार होते. आमच्या गावाच्या नावानं कुणी जायचं, अलीकडच्यांनी की पलीकडच्यांनी, हे एका मॅचवर ठरवायचं असं झालं. मी बारावीला होतो, आमच्या संघाचा कॅप्टन होतो, आणि पुढच्या वर्षी शेवगावच्या कॉलेजात जाणार होतो. तिथल्या पोरांनी मला आधी मैदानावर बघावं, एवढीच माझी हाव होती. आज ती सांगतानाही लाज वाटते, इतकी ती छोटी होती. पण त्या डावखुऱ्यासमोर मी टिकत नव्हतो. दर वेळी तो मला कट काढायला लावायचा, आणि दर वेळी दादाचं बोट वर जायचं.

मॅचच्या आधी तीन दिवस मी दादाला मळ्यात नेलं. विहिरीच्या थारोळ्याशी, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडाशी, उभं केलं आणि शिकवलं. "मी बॅटिंगला असलो की हात मागं. ह्या हातानं हा हात धरायचा. काय झालं तरी सोडायचा नाही."

"आऊट असला तरी?"

"आऊट असला तरी."

"का?"

"मी तुझा भाऊ हाय ना?"

त्यानं एका हातानं दुसरा हात धरून बघितला. मग म्हणाला, "व्हय." मी आणखी एक आमिष दाखवलं, की आपण जिंकलो तर शेवगावच्या मोठ्या मैदानावरही अंपायर तूच. ही थाप होती. तिथं स्पर्धेचे स्वतःचे अंपायर असणार हे मला माहीत होतं. तीन दिवस मी खोटं अपील करायचो आणि तो हात मागं बांधून उभा राहायचा. पहिल्या दिवशी दर वेळी उजवा हात सुटून वर यायचा. तिसऱ्या दिवशी नाही आला. आप्पांना मारून जमलं नव्हतं ते मला गोड बोलून जमलं, आणि खरं सांगतो, त्या वेळी मला स्वतःचं कौतुक वाटलं.

मॅचला निम्मं गाव लोटलं होतं. मी बॅटिंगला आलो, दोन ओव्हर नीट गेल्या. मग डावखुऱ्यानं तोच चेंडू टाकला. कट लागला तो आवाज बाभळीखाली बसलेल्यांनीही ऐकला असेल. कीपरनं छातीशी झेल घेतला. त्या बॉलरनं अपील केलंच नाही. दोन वर्षांची सवय. तो नुसता वळला आणि दादाकडं बघून उभा राहिला, जणू काम झालंच होतं.

दादाचे हात मागं होते. डाव्या हातानं उजवं मनगट असं आवळलं होतं की खांदे थरथरत होते. तो माझ्याकडं बघत होता. मी मान वळवून पाटाकडं बघितलं.

"अंपायर, बघितलं न्हाई का?" बॉलरनं विचारलं. आवाजात राग नव्हता.

"बघितलं," दादा म्हणाला.

"लागला का बॅटला?"

"लागला."

"मग आऊट ना?"

"व्हय."

"मग कर की बोट वर."

"हात मागं हाय," दादा म्हणाला.

लोक हसले. बॉलर हसला नाही. त्यानं एकदा दादाच्या पाठीमागं जाऊन ते आवळलेले हात बघितले, मग माझ्याकडं बघितलं. "मागं ठेवाय कुनी सांगितलं, अंपायर?"

दादानं तोंड उघडलं. विचारल्यावर तो उत्तर देणारच होता, आणि उत्तर खरंच असणार होतं. निम्मं गाव ऐकत होतं. त्याच्या तोंडून माझं नाव यायच्या आत मी बॅट आपटली आणि ओरडलो, "अरे, येडा हाय त्यो! येड्याला मधी उभा करता अन् त्याला न्याय इचारता? त्याला काय कळतंय?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या याच. आमच्या उंबऱ्यात ज्या शब्दाला बंदी होती, तो मी भर गायरानात, त्याच्या समोर, दोनदा वापरला. दादाचे हात सुटले आणि बाजूला लोंबले. त्याला माझ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. तो चेहरा रागाचा नव्हता. एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक नव्हती आणि भल्या माणसानं सांगितली, तसा तो माझ्याकडं बघत होता.

"त्यो येडा न्हाई," बॉलर मला म्हणाला. "मागल्या रविवारपातूर तरी नव्हता." मग त्यानं चेंडू दगडाशेजारी ठेवला आणि त्याचा अख्खा संघ पाटाकडं चालू लागला. त्यांनी मॅच सोडली म्हणून जिंकलो ते आम्ही. शेवगावला गेलो, पहिल्याच मॅचला हरलो, मी तिसऱ्या चेंडूवर आऊट झालो. तो डावखुरा पुढं भोसरीला एका कारखान्यात लागला असं ऐकलं. आमच्या गायरानावर तो पुन्हा खेळला नाही, आणि मलाही त्याला जाऊन भेटायची हिंमत झाली नाही.

त्या संध्याकाळी आई चुलीपाशी होती. दादा तिच्याशेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "आई, मी येडा हाय का?"

आईनं भाकरी तव्यावरच सोडली. "कोन म्हनलं तुला?"

मी दारात उभा होतो. आईला कळलं असतं तर तिनं मला जन्मभर माफ केलं नसतं, आणि दादाला तर खोटं बोलता येत नव्हतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग आईकडं वळून तो म्हणाला, "मला काय कळतंय?"

त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं खोटं, आणि ते त्यानं मला वाचवायला वापरलं. माझेच शब्द होते. आईनं आणखी विचारलं नाही, आणि त्या शब्दावरून तिनं धरलेला अबोला गावाला ठाऊक होता, म्हणून तिच्या कानावरही कुणी काही घातलं नाही. मी मात्र सुटलो या आनंदात त्या रात्री पोटभर जेवलो. याहून वाईट माझ्याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या रविवारी पलीकडचे आले नाहीत. आमची पोरं आपापसात खेळली आणि जुन्या रीतीनं बॅटिंगवाल्यांचा अंपायर उभा राहिला. दादा निळीचा सदरा घालून कडेला बसला होता, त्याला कुणी बोलावलं नाही. चार रविवार तो गेला. पाचव्या रविवारी त्यानं सदरा घातला नाही. चहावाल्यानं "काय अंपायर" म्हणून हाक मारली, तर तो म्हणाला, "मला काय कळतंय?" आणि पुढं चालू लागला. हळूहळू सगळ्यालाच ते उत्तर झालं. भूक लागली का? कालवण तिखट झालं का? बाहेर गार आहे का? आई आधी चिडायची, मग रडायची, मग तीच ठरवून त्याच्या ताटात वाढायला लागली. दोन वर्षं ज्याचं बोट सगळ्या गावानं मानलं, त्याला आपल्या अंगावर घोंगडी हवी की नको हे सांगता येईना.

मी एकदा प्रयत्न केला. कॉलेजच्या सुट्टीत त्याला हाताला धरून गायरानावर नेलं, पोरांच्या हातापाया पडून अंपायर म्हणून उभं केलं. पहिल्याच ओव्हरला मधला स्टंप उडाला. त्यात ठरवायचं काहीच नव्हतं, आंधळ्यानंही आऊट दिला असता. दादानं उडालेला स्टंप बघितला, आणि मग मान वळवून कडेला मी कुठं आहे ते शोधलं. मी सांगेपर्यंत तो हात वर करणार नव्हता आणि खालीही ठेवणार नव्हता, हात छातीपाशी अर्धा उचललेला होता. पोरं फिदीफिदी हसली. मी त्याला घरी आणला.

त्यानंतरच्या थंडीत तो आजारी पडला. आप्पा बाजाराला गेले होते. दादा ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसायला लागला, जेवण टाळायला लागला. विचारलं की एकच उत्तर. आईला वाटलं गारठा लागला असेल, तिनं ओवा दिला. मी दोन दिवसांनी कॉलेजातून आलो तेव्हा त्याचं अंग तापानं फणफणत होतं. जीप करून शेवगावला नेला. अपेंडिक्स फुटलं होतं आणि पोटात पू पसरला होता, हे नंतर नगरला ऑपरेशन झालं तेव्हा कळलं. तिथले डॉक्टर म्हणाले, अशा दुखण्यात माणूस किंचाळतो, गडबडा लोळतो, याला तुम्ही तीन दिवस घरात ठेवलंच कसं? महिनाभर खाटेवर काढून तो वाचला. आजही आहे, माझ्याकडंच असतो.

पण शेवगावच्या दवाखान्यातलं ते टेबल माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. डॉक्टर त्याच्या पोटावर बोटं दाबत विचारत होते, "इथं दुखतं? की इथं?" त्यांची बोटं उजव्या बाजूला गेली तसं दादाचं अंग धनुकलीसारखं ताणलं. कपाळावर घाम होता, खालचा ओठ दातांत धरून फुटला होता. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. त्यानं त्यांच्याकडं बघितलंच नाही. मान वळवून मला शोधलं, आणि हळूच विचारलं, "दुखतंय म्हनू का नको?"